बैलगाडीमागचं जनावर

रविवार, ३ ऑक्टोबर १९४८

परवा कचेरीत सगळ्यांना एक छापील चौकशीपत्र वाटलं. गेल्या वर्षभरात कुठे होता, कोणाला भेटलात, कोणा जागीरदाराच्या किंवा नवाबाच्या माणसाशी घरोबा आहे काय, सगळं तारीखवार लिहून द्या म्हणे. मला गेल्या मंगळवारी काय जेवलो तेही आठवेना. शेवटी सगळ्या प्रश्नांपुढे ‘काही नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. पुन्हा असा प्रसंग आलाच तर हाताशी पुरावा असावा म्हणून ही वही सुरू करतो आहे.

निजामाचं राज्य संपून फौज शहरात आल्याला पंधरवडा झाला. कचेरीला जुम्म्याऐवजी रविवारी सुट्टी झाली, साहेब बदलले, मिसली, कागदांचे गठ्ठे, मात्र त्याच. जंगल महकम्यात, म्हणजे जंगलखात्यात, सव्वीस वर्षं मिसली सांभाळतो आहे. जंगलात एकदाही गेलेलो नाही, पण कुठल्या तालुक्यात किती अस्वलं आहेत ते झोपेतून उठवून विचारा.

एक गोष्ट लिहायची राहिली, ती खरं तर लिहू नये, पण मग वही कशाला. मागच्या खोलीत एक म्हातारा राहतो आहे. मस्तान मियाँ. वीस-एक सप्टेंबरला तापानं फणफणत आमच्या पायरीवर येऊन बसला. माझ्या बायकोनं, तारामतीनं, पाणी दिलं, मग पेज दिली, मग खोली दिली. मी कचेरीत होतो. मौला अलीपलीकडे कोणा नवाबाची शिकारकोठी आहे, तिथल्या जनावरखान्यात तो नोकर होता. नवाबसाहेब कराचीला गेले आणि कोठीवरची माणसं भीतीनं पांगली. कुठली जनावरं ते मी विचारलं नाही. घोडे असतील.

चौकशीपत्रातल्या ‘घरोबा’ शब्दावर मी थोडा अडखळलो होतो. पण तो मागच्या खोलीत राहतो, घरात नाही. तारामतीला म्हटलं, चार दिवस. ती म्हणाली, “बरं.” तिचं ‘बरं’ मला चांगलंच ठाऊक आहे.

बुधवार, ६ ऑक्टोबर

पद्मावती दूध घालायला आली ती कापतच. म्हणे ओढ्यावरच्या पुलाशी ठिपक्याठिपक्यांचं मोठं जनावर बसलं होतं, चांगलं उन्हात. तिच्याकडे बघून त्यानं जांभई दिली.

तिला समजावलं. बिबट्या दिवसाउजेडी हिंडत नाही, आमच्या मिसलीत स्पष्ट लिहिलेलं आहे. ती म्हणाली, “अय्या, त्याला मिसल वाचता येते का?” तारामती आत हसली. दूध मात्र निम्मं सांडलेलं होतं.

रविवार, १० ऑक्टोबर

आज सगळी तारनाक्याची वस्ती आमच्या दारात. अंबाजी सरपणाची गाडी घेऊन हबशीगुड्याकडून येत होता. एक ठिपकेवालं जनावर बाजूच्या माळावरून धावत आलं आणि मागच्या बाजूनं गाडीवर पुढचे पाय ठेवून चढायला लागलं. अंबाजीनं उडी टाकली ती थेट काटेरी बाभळीत. बैल उधळले. जनावर रस्त्यात पडलं, उठलं आणि म्हणे गाडी गेली त्या दिशेला बघत बसून राहिलं.

मी जंगल महकम्यातला, म्हणून सगळे माझ्याकडे. जाऊन माती पाहिली. पंजे होते, पण प्रत्येक बोटापुढे नखाचं टोक उमटलेलं. इथे मात्र सव्वीस वर्षांचा अनुभव कामी आला. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या पंज्याला नखं उमटत नाहीत. नखं दिसली की कुत्रा. मी तसं जाहीर करून टाकलं. अंबाजी काटे काढत म्हणाला, “साहेब, कुत्र्याला मी भ्यायलो म्हणता?”

मस्तान मियाँ काठी टेकत आला होता. तापातून उठल्यापासून पहिल्यांदाच एवढा लांब चालला. त्या पंज्यांशी बराच वेळ उकिडवा बसला, मग तळव्यानं माती सारखी करून सगळे पुसून टाकले. मी म्हटलं, बरं केलंत, लोक उगाच घाबरतात. तो म्हणाला, “हौ साब.” डोळ्यांत पाणी होतं. तापाचा अशक्तपणा.

बुधवार, १३ ऑक्टोबर

मी ते पाहिलं.

सकाळी साडेनऊला बस गाठायला निघालो होतो. मोकळ्या प्लॉटच्या पडक्या भिंतीवर ते उभं होतं. माझ्यापासून वीस पावलं असेल. पाय लांबलचक, पोट खपाटीला गेलेलं, डोकं अंगाच्या मानानं लहान. डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेघा, लहान मुलाचं काजळ ओघळावं तशा. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि एक बारीक आवाज काढला, पाखरासारखा. बिबट्या असा आवाज काढतो हे मिसलीत कुठे वाचलेलं नाही.

मी पळालो. वय बावन्न, अंगात शेरवानी. टोपी तिथेच पडली. रेल्वेच्या फाटकवाल्याच्या खोलीत शिरून कडी लावून बसलो. त्यानं चहा दिला. हे लिहायला लाज वाटते, पण घाबरलो होतो हे खरं.

तेव्हा कुत्रा नाही. ठिपके आहेत, म्हणजे बिबट्या. नखांचं काय ते त्याचं तोच जाणे.

टोपी संध्याकाळी मस्तान मियाँनी आणून दिली, झटकून.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

आज रीतसर तक्ता भरला. उपद्रवी जनावराचा छापील तक्ता असतो. जनावरं चारच छापलेली: वाघ, बिबट्या, अस्वल, तरस. आपण फक्त खूण करायची. मी बिबट्यापुढे केली. ‘हल्ला केला काय’ याच्यापुढे ‘होय, बैलगाडीवर’. ‘दिवसा हिंडतो काय’ याच्यापुढे ‘होय, निर्ढावलेला’. हा शब्द मला स्वतःला आवडला.

नवे साहेब मध्यप्रांतातून आलेत. आल्यापासून आम्हां जुन्या लोकांशी ते भिंतीकडे बघून बोलतात. आज तक्ता वाचून मान वर केली आणि म्हणाले, “हिम्मतराव, अक्षर चांगलं आहे तुमचं. असे तत्पर लोक हवेत.” मला नावानं हाक मारली. गेला महिनाभर रोज वाटत होतं की आज आपल्याला काढणार. आज जेवण गोड लागलं.

जनावर मारायचा हुकूम निघेल. बंदुका सगळ्यांच्या जमा झाल्यात, त्यामुळे कचेरीचा शिकारी केशवराव यालाच पाठवतील.

सोमवार, १८ ऑक्टोबर

काल मटण होतं. आज सकाळी उरलेलं मागितलं तर तारामती म्हणाली संपलं. दोन माणसांत एवढं मटण संपलं कसं, असं विचारलं तर म्हणाली, “तीन माणसं.” मस्तान मियाँच्या तोंडात चार दात.

तो रोज सकाळी ओढ्याकडे जातो. एका हातात झाकलेलं भांडं, दुसऱ्या हातात लांब दांड्याची लाकडी पळी. भांड्यावर पळी वाजवत वाजवत जातो. कुत्र्यांना खायला घालत असावा. दयाळू माणूस आहे. मात्र गावात बिबट्या असताना असं एकट्यानं फिरू नये हे त्याला सांगायला हवं.

रविवार, २४ ऑक्टोबर

दुपारी तारामती निवडणं घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, “अहो, ते जनावर कोणाला काही करत नाही.”

मी विचारलं, तुला काय ठाऊक?

“त्याला भूक लागलीय. तुम्ही त्याच्यावर अर्ज केलाय का?”

मी म्हटलं केला, मंजूरही होईल. ती सूप बाजूला ठेवून उठली आणि मस्तान मियाँला आत घेऊन आली. तो खाली बसत होता, तिनं खुर्ची दिली. मग त्यानं सांगितलं ते त्याच्याच बोलीत लिहितो, माझ्या भाषेत लिहिलं तर साक्षीसारखं वाटेल.

“साब, वो तेंदुआ नै है. चीता है, मादी. इसके नाखून बाहरच रहते. बन्नो नाम है उसका. आफ्रिका से जहाज में आई थी, इत्ती सी थी. नौ साल हुए, मेरी खाट के पायाकू बांध के सोती.”

शिकारीला तिला बैलगाडीवर बसवून नेत, डोळ्यांवर टोपी घालून; टोपीसाठी ती आपणहून हनुवटी वर धरायची. हरणांचा कळप दिसला की टोपी काढायची. तिनं हरीण धरलं की त्यानं पळीत रक्त घेऊन पुढे करायचं, ती हरीण सोडून पळी चाटायची, आणि पुन्हा गाडीवर चढून बसायची. घर म्हणजे तिला गाडी. म्हणून गाडी दिसली की धावते.

“पिंजरा मैंच खोला साब. सब भाग गए, मेरेकू बुखार. सोचा, अंदर भूकी मरेगी. उसकू अकेले जीना नै आता, ये मेरेकू मालूम था, फिर भी खोल दिया.”

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

आता ती पळीच्या आवाजाला जवळ येते, पण पोरं दगड मारतात म्हणून बुजते. गळ्यात पट्टा घालू देईल एवढी ओळख परत व्हायला आठ-दहा दिवस लागतील. मग बागेआम या सरकारी बागेतल्या जनावरांच्या पिंजऱ्यात देता येईल, तिथला रखवालदार त्याच्या ओळखीचा आहे. तेवढे दिवस बंदूक थांबवा, एवढंच त्याचं मागणं. “तुमारे दफ्तर में बोल देव साब. बस एक कागज.”

मी म्हटलं, देतो कागद. त्यात काय. चूक झाली ती दुरुस्त करायची.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे हात खरखरीत आहेत.

मंगळवार, २६ ऑक्टोबर

कागद काल कचेरीतच लिहिला. ‘सदर जनावर बिबट्या नसून पाळीव चित्ता आहे, तरी मारण्याचा हुकूम तहकूब व्हावा.’ चार ओळी. लिहून झाल्यावर साहेब काय विचारतील ते मनात आलं. चित्ता आहे हे तुम्हाला कसं कळलं? नवाबाच्या जनावरखान्यातल्या नोकरानं सांगितलं. कुठे आहे तो? माझ्या मागच्या खोलीत. कधीपासून? वीस सप्टेंबर. आणि चौकशीपत्र भरलंत त्यावर तारीख कुठली?

कागद टेबलाच्या खणात ठेवला. एकदोन दिवसांत साहेबांचा नूर बघून देईन.

घरी मस्तान मियाँनी विचारलं. मी म्हटलं, काम होतंय.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

आज उशिरा निघालो. मागच्या खिडकीतून पाहिलं. कुंपणाबाहेर म्हातारा मांडी घालून बसला होता, पळी पुढे धरून. ती आली. आधी दहा पावलांवर थांबली, मग पोट जमिनीला टेकवत पुढे सरकली आणि पळीतलं खायला लागली. खाऊन झाल्यावर तिनं त्याच्या गुडघ्याला डोकं घासलं. पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तशी घुरघुर माझ्यापर्यंत येत होती. तारामती माझ्यामागे उभी होती. कितीतरी वर्षांत आम्ही दोघं असे एका खिडकीत उभे राहिलो नव्हतो.

“कागद दिलात ना?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तोंडून निघून गेलं.

कचेरीत गेलो तर केशवराव भेटला. हुकूम निघालाय. दिवाळी झाली की येतो म्हणाला. कागद खणातच आहे. आज साहेब चिडलेले होते.

सोमवार, १ नोव्हेंबर

दिवाळी यंदा नावापुरती. तरी रेल्वेच्या क्वार्टर्समधे पोरांनी सकाळपासून फटाके लावले. मस्तान मियाँ दिवसभर भांडं घेऊन बाहेर होता. ती काही आली नाही. तारामतीनं त्याच्यापुढे करंज्यांचं ताट ठेवलं तर म्हणाला, “वो आई तो खाता बाईसाब.”

मला म्हणाला, “साब, जल्दी नै. तुम कागज दे दिए ना, अब दो-चार दिन इधर-उधर हुए तो भी क्या.”

गुरुवार, ४ नोव्हेंबर

ती आज परत आली. त्यानं तिच्या मानेवरून हात फिरवला. तारामतीनं जुन्या नऊवारीचा काठ फाडून चौपदरी पट्टा शिवून ठेवलाय. रविवारी अंबाजीची गाडी सांगू म्हणतात.

केशवराव शनिवारी येणार आहे.

आज कागद खणातून काढून खिशात घातला. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी आतून पाहिलं आणि म्हणाले, “या हिम्मतराव, काय काम?” मी म्हटलं, काही नाही, सही घ्यायची होती, पण कागद टेबलावरच राहिला. उद्या नक्की.

माझी नोकरी गेली तर या वयात मला कोण ठेवणार. हेही लिहून ठेवतो. आणि एक जनावर आहे, शेवटी जनावरच आहे, असंही मी मनाशी म्हणून पाहिलं. खिडकी आठवली की ते टिकत नाही.

शनिवार, ६ नोव्हेंबर

काल साहेब दौऱ्यावर होते.

आज सकाळी आठला केशवराव आला. कोणीतरी त्याला सांगितलेलं की जनावर गाड्यांवर धावून येतं, म्हणून तो अंबाजीची गाडी घेऊनच आला. कचेरीतर्फे साक्षीदार म्हणून मी. कागद कोटाच्या खिशात होता. गाडी माळावर उभी केली. मस्तान मियाँ ओढ्याच्या त्या बाजूला होता, लांबून पळीचा आवाज येत होता. तिला त्याच्याकडेच जायचं होतं. निम्म्या वाटेत तिला गाडी दिसली.

ती धावली. एवढं वेगानं धावणारं काही मी पाहिलेलं नाही. एका उडीत गाडीवर चढली. केशवराव खाली उडी मारून बाजूला झाला, अंबाजी केव्हाच पळालेला. तिनं कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीच्या मधोमध तोंड पुढे करून बसली आणि हनुवटी वर उचलून धरली. डोळ्यांवर टोपी घालायची असते तेव्हा अशी धरतात. मला ते माहीत होतं. केशवरावला नव्हतं.

मी हात वर केला होता. केशवरावला वाटलं गोळी घालायचा इशारा आहे. त्याच्या-तिच्यात दोन हातांचं अंतर होतं.

मस्तान मियाँ ओढा ओलांडून आला. गाडीवर चढून तिच्याजवळ बसला आणि जुन्या फडक्याचा तुकडा काढून तिच्या डोळ्यांवर बांधला. केशवराव मला हळूच म्हणाला, “वेडा आहे का हो हा?” मी म्हटलं, नाही.

सोमवार, ८ नोव्हेंबर

कचेरीत जनावराचं माप घेतलं. कातडं साहेबांच्या खोलीसाठी जाणार. केशवराव म्हणाला, बिबट्या जरा वेगळाच वाटतो, वाळलेला. मी म्हटलं, उपाशी असेल. साहेबांनी चौघांसमोर माझी पाठ थोपटली. चौकशीत माझं नाव बिनतक्रार निघाल्याचंही त्यांनीच सांगितलं. मला वाईट वाटलं. आनंद झाला नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

तारामतीनं कोट धुवायला घेतला आणि खिशातला कागद तिच्या हाती लागला. दोनदा वाचला. मला वाटलं ओरडेल. तिनं तो घडी घालून माझ्यासमोर ठेवला.

मी म्हटलं, मी मस्तान मियाँना सगळं सांगणार आहे. आत्ताच जातो.

ती म्हणाली, “नाही सांगायचं. त्यांना वाटतंय की तुम्ही केलं आणि सरकारनं ऐकलं नाही. त्यांना तेवढं तरी राहू द्या. सांगून तुमचंच मन हलकं होईल.”

मी बसून राहिलो. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

रविवार, १४ नोव्हेंबर

मस्तान मियाँ आज गेला. बिदरकडे भाची आहे तिच्याकडे. निघायच्या आधी म्हणाला, कराचीला छोट्या नवाबसाहेबांना एक खत लिहून द्या, बन्नो लहानपणी त्यांच्याच मांडीवर खेळलेली, त्यांना कळायला हवं. त्याला लिहिता येत नाही. माझं उर्दू अक्षर मराठीपेक्षाही चांगलं आहे, कचेरीत सगळे म्हणतात.

ओसरीवर बसलो. तो सांगत होता, मी लिहीत होतो. तारामती दारात उभी होती.

त्यानं गोळीचं काही सांगितलं नाही. लिहायला लावलं की बन्नो सहा तारखेला सकाळी गेली. गाडीवर बसली होती. डरी नै. नौ साल किसीकू नाखून नै लगाई, ये भी लिखो. मी लिहिलं.

मग तो म्हणाला, “अब लिखो, यहाँ हिम्मतराव साब करके एक नेक आदमी हैं. बन्नो के वास्ते सरकार से बहोत लडे. उनका नाम दुआ में याद रखना.”

दौत भरलेली होती. तरी मी टाक दोनदा बुडवला. तारामतीकडे पाहिलं. ती हलली नाही, नजरही काढली नाही.

“लिख दिए क्या साब?”

मी ते वाक्य त्यानं सांगितलं तसंच, माझ्या नावासकट, पुरं लिहिलं. त्याला वाचूनही दाखवलं.